अप्पांची सीडी आणि माझा ड्रायव्हर

३ फेब्रुवारी, सकाळी ९
क्षमाच्या वडिलांचं, अप्पांचं, वर्षश्राद्ध २१ तारखेला, बोरिवलीला तिच्या भावाकडे. अप्पांच्या भजनांची एकच सीडी आहे. २००७ साली मीच रेकॉर्ड केलेली. इतकं पद्धतशीर काम की नंतर ऐकून बघायचीही गरज पडली नाही. क्षमाला त्या दिवशी सगळ्यांना अप्पांचा आवाज ऐकवायचाय. मेहुणा हर्षद म्हणाला, माझ्याकडे जुना प्लेयर आहे, सीडी घेऊन या. प्लेयर म्हणे. एकतीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला हे सांगतो. मी स्वतः जोडलेल्या कॉम्प्युटरवरच लावणार, खरखर साफ करून. अडचण किरकोळ. मशीनला डिस्कशी बोलायला लावणारा जो प्रोग्राम मी लिहिलाय, त्या ड्रायव्हरला फक्त हार्ड डिस्कच्या कमांड येतात, सीडी ड्राइव्हच्या नाहीत. त्या घालायच्या. शनिवार-रविवारचं काम.

५ फेब्रुवारी
सीडी ड्राइव्हने स्क्रीनवर स्वतःचं नाव सांगितलं. क्षमाला बोलावून दाखवलं. तिने विचारलं, अप्पा कुठायत. म्हटलं, दोन मिनिटं.

९ फेब्रुवारी, दुपारी
सीडी घातली. पहिली कमांड शंभर टक्के यशस्वी: दार लॉक. वाचताना कोणी सीडी काढू नये म्हणून. झकास चालते.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
अनलॉक चालत नाही. मशीन बंद केलं तर ड्राइव्हला वीज नाही, बटण मेलेलं. चालू केलं की माझा ड्रायव्हर सगळ्यात आधी दार लावतो. ड्रायव्हर काढावा तर मशीनच सुरू होत नाही, हार्ड डिस्क त्याच्याच भरवशावर. क्षमाला सांगितलं, सीडी सुरक्षित आहे. खोटं काहीच नाही.

१३ फेब्रुवारी
क्षमा म्हणाली, नुसती बाहेर काढून दे रे, बाकी काही नको. निश्चय: रोज एक बग. आज एक गेला, दोन आले. दाढी उद्या.

१७ फेब्रुवारी
हर्षद फोनवर म्हणाला, स्क्रूड्रायव्हर घेऊन मुलुंडला येऊ का. बजावलं, हात लावायचा नाही. मग नुसता बसून राहिलो. आठ बाय दहाची खोली, खिडकीसमोर टॉवरची भिंत. अप्पा आत, मीही आत. पार वाट लागलीय. भीती वाटते. क्षमा रागावत नाही, त्याची जास्त वाटते.

२० फेब्रुवारी
आज तिने विचारलंच नाही. साडीला इस्त्री करत होती. मीच म्हटलं, दोन मिनिटं.

२१ फेब्रुवारी, सकाळी ७
क्षमाने मशीन बंद केलं आणि ड्राइव्हच्या पुढच्या बारीक भोकात पिन घातली. दार उघडलं. म्हणाली, ऑफिसात अशाच काढायचो. सीडी पर्समध्ये टाकली, मला मागून ये म्हणाली आणि गेली.
मशीन चालू केलं. स्क्रीनवर आलं, ड्राइव्हमध्ये डिस्क नाही. अठरा दिवसांतलं पहिलं अचूक उत्तर. म्हणजे ड्रायव्हर चालतोय. नोंद करून निघतो.

२१ फेब्रुवारी, दुपारी १२
नोंद लांबली. क्षमाचा फोन आला. तिने तो नुसता हर्षदच्या प्लेयरजवळ ठेवला. सीडी व्यवस्थित वाजते. पन्नास मिनिटं. आवाज माझा. माइक कुठे, लेव्हल किती, केबल कुठली. मधूनमधून अप्पा विचारतात, आता म्हणू का? दर वेळी मी सांगतो, दोन मिनिटं थांबा, अप्पा.
शेवटी टाळ एकदा वाजतो आणि सीडी संपते.
 मग तिकडे क्षमाने सीडी परत पहिल्यापासून लावली.