शानिराक, उंटीण आणि माझा भाचा

मी, उल्मेकेन तोलेपकिझी, राहणार शेत्पे गाव, मंगिस्ताउ प्रांत, निवृत्त लोकजीवन-अभ्यासक, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांच्याशी कर्तव्य नाही. याआधीचे सर्व कागद रद्द समजावेत.

१. वडिलोपार्जित घर बहीण रायखान हिला. शेजारीण ओरीनशा साक्षीदार असल्याने तिच्या नावे काही ठेवता येत नाही. म्हणून चहाची किटली तिला आजच देऊन टाकली आहे. आता तरी तिने चहात पुरेसे दूध घालावे.

२. म्हाताऱ्यांची गाणी भरलेल्या ध्वनिफिती शाळेला. कपाटाला कुलूप लावल्यास परत घ्याव्यात.

३. आजोबांच्या तंबूचे शानिराक, म्हणजे शेंड्याचे लाकडी कडे, संग्रहालयाच्या संचालकांना काचेत ठेवायचे होते. शानिराकातून धूर जायला हवा. काचेतून तो जात नाही. संचालकांना माझी काच पुसायची फडकी द्यावीत.

४. आता रायखानचा मुलगा सेर्झान. भाच्याने आजोळी तीनदा काहीही मागावे आणि आजोळाने नाही म्हणू नये, ही आमची रीत. तिच्यावर मी प्रबंध लिहिला. सेर्झानने तो वाचला नाही, पण पाळला कसून. आधी घोडा नेला. मग कपडे धुण्याचे यंत्र नेले, आतल्या ओल्या कपड्यांसकट. तिसऱ्या वेळी तो शानिराक मागणार, असे रायखानने कळवले. अक्ताउ शहरातल्या आपल्या हॉटेलात त्याला ते दिवे लावून छताला टांगायचे होते. नाही म्हटले असते तर माझाच प्रबंध खोटा पडला असता.

नौरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, जेवणाला तो ट्रक घेऊनच आला. मी उंटीण दाराशी बांधून ठेवली होती. तिने त्याची नवी टोपी चावून खाल्ली.

"मावशी, ही बया मला दे. उद्याच कबाब करतो हिचे."

"दिली," मी म्हणाले.

"अगं, गंमत केली मी."

"रीतीत गंमत नसते. ओरीनशा, ऐकलंस ना?"

"ऐकलं. तिसरं मागणं झालं," ओरीनशा म्हणाली. "धर बाबा दोर."

उंटीण गाभण आहे, तेव्हा सुरी चालवता येत नाही. आजोळची वस्तू विकणे लाजिरवाणे. सेर्झान सातव्या मजल्यावर राहतो, म्हणून तिला हॉटेलमागे बांधतो. उंटीण हॉटेलच्या अंगणातून सुटून पुन्हा पुन्हा इथे येते आणि तिला न्यायला तो येतो. पूर्वी फक्त नौरूझला यायचा.

५. माझा प्रबंध फारसा कोणी वाचला नाही. रीत पाळणारा मात्र मला हा एकच भेटला. म्हणून सेर्झानने एक उन्हाळा कुरणावर तंबू उभारून उंटीण आणि पिल्लासह राहावे, शानिराकाखाली रोज चूल पेटवावी. शेवटी ओरीनशाने लाकडावर बोट फिरवावे. बोट काळे झाले तर शानिराक त्याचे. स्वच्छ निघाले तर शानिराक उंटिणीच्या नावे करावे.

हे कलम सेर्झानला वाचून दाखवले. मग त्याने एकच विचारले, "मावशी, चुलीला सुकं शेण कुठून आणू?"

उंटीण तुझ्याकडेच आहे, असे मी सांगितले.

सही: उल्मेकेन तोलेपकिझी
साक्षीदार: ओरीनशा (शेजारीण, किटलीसह), झुमाबाय (शाळामास्तर, टोपी खाल्ली जाताना हजर)
स्थळ: शेत्पे, उंटिणीच्या खुंट्याजवळ
दिनांक: ४ मे २०१९