बिल्ला क्रमांक १७, बाहेर

प्रति,
मा. सांख्यिकी अधिकारी,
रोजगार आकडेवारी शाखा (वाहतूक व गोदामे)

विषय : आमच्या गोदामाच्या रोजगार आकड्यातून एक चालक वजा करून मिळणेबाबत.
संदर्भ : प्रत्यक्ष पडताळणीत चालक बिल्ला क्र. १७ गैरहजर आढळल्याबद्दल खुलासा मागणारे आपले पत्र.

महोदय,

मी या गोदामात एकोणीस वर्षे नोंद कारकून आहे. आपल्याकडे येणारे तिमाही पत्रक मीच भरते, व्यवस्थापक सही करतात. बेरीज जुळली की ते वरचे काही वाचत नाहीत. तो त्यांचा माझ्यावरचा विश्वास आहे. म्हणून खुलासाही मीच करते.

१. आमच्या फाटकाशी एक फळी आहे. तिच्यावर खिळ्यांच्या दोन रांगा : 'आत' आणि 'बाहेर'. चालक फेरीवर निघाला की आपला पितळी बिल्ला 'बाहेर' लावतो, परतला की 'आत'. तिमाहीअखेर मी दोन्ही रांगा मोजते, त्यात हमाल आणि पॅकिंगवाल्या मिळवते आणि आपल्या रकान्यात लिहिते.

२. क्र. १७ माझे पती. माझे टेबल फळीसमोरच. निघताना सगळ्यांना ऐकू जाईल असे ते म्हणत, "बाईसाहेब, लिहून घ्या, एक नवरा बाहेर!" हमाल हसत. मी मान वर न करता लिहीत असे. शेवटच्या दिवशीही मान वर केली नाही.

३. त्या फेरीत, भर दुपारी, परतीच्या रस्त्यावर त्यांचे हृदय बंद पडले. त्याआधी त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंडिकेटर लावला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या चालकाने गाडी आणली. मला सुट्टी होती, तरी मी आले. मुकादम म्हणाले, "वहिनी, आज तरी राहू द्या." मी ३१२ खोकी मोजून उतरवून घेतली. एकही नग कमी नव्हता. गाडी 'आत' लिहिली. बिल्ला 'बाहेर'च राहिला.

४. त्याला सात तिमाह्या झाल्या. मधे एकदा मुकादम हळूच म्हणाले, "काळा पडलाय हो तो. काढू का?" मी म्हटले, "फेरी लांबची आहे, मामा." पुन्हा कोणी विषय काढला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी बिल्ला घासून लख्ख केलेला होता. कोणी घासला, ते मी नोंदलेले नाही.

५. याच काळात माल वाहणारा सरकता पट्टा बसला. चौदा हमाल गेले, पॅकिंगला चौदा बायका आल्या. आजूबाजूच्या गोदामांचे आकडे घसरले. आमचा आधी ६३, नंतरही ६३. आपल्या वार्षिक अहवालात आमच्यापुढे छापून आले, 'एकाचीही घट नाही'. अभिनंदनाचे प्रमाणपत्रही आले. व्यवस्थापकांनी ते नेमके त्या फळीच्या वर टांगले. रोज मान वर केली की मी ते वाचते. खरा आकडा ६२ आहे.

६. नाव कमी करण्याच्या आपल्या नमुन्यात कारणे चारच : निवृत्ती, राजीनामा, कपात, इतर. पहिली तीन खोटी ठरतील. 'इतर' मी दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले. ते घोरत, वाद घालत, माझ्या पेनाचे टोपण चावत. पण 'इतर' नव्हते, साहेब.

माझी बेरीज आजवर चुकलेली नाही. ही वजाबाकी मात्र हातून होत नाही. आपण त्यांना पाहिलेले नाही. आपल्याला तो नुसता एक आहे. तेव्हा तेवढा एक आपण आपल्या हाताने वजा करावा, ही विनंती. प्रमाणपत्र परत न्यावे. नियमाप्रमाणे होईल ती कारवाई माझ्यावर व्हावी, व्यवस्थापकांवर नको.

बिल्ला आज सकाळी मीच खिळ्यावरून काढला. फळीची रीत मोडू नये म्हणून आधी 'आत'च्या खिळ्यावर लावला. या वेळी मी मान वर करून बघितले. मग पाकिटात घातला.

आपली नम्र आणि जाणूनबुजून चुकलेली,
(सही)
नोंद कारकून

दिनांक : ३० जून

सोबत :
१. मागील सात तिमाही पत्रके, दुरुस्तीसाठी.
२. अभिनंदन प्रमाणपत्राची प्रत. (मूळ भिंतीवर आहे.)
३. पितळी बिल्ला क्र. १७. एक नग, सुस्थितीत. मिळाल्याची पोच द्यावी.