तुमच्या आढ्यातला किडा

प्रिय बाबा,

सापडला! तुमच्या खाटेवरच्या सागवानी आढ्यात दुपारभर कुरकुर करणारा चोर मी परवा पकडला! ही बातमी तुम्हाला सांगितल्याशिवाय पोटात राहीना, म्हणून हे पत्र.

तुम्ही गेल्यापासून आई त्या खोलीत एकटीच असते. दुपारी गाव निजलं की वरून आवाज येतो, कुर्र, कुर्र, अगदी तुम्ही अडकित्त्यानं सुपारी कातरावी तसा. आई मान वर करून म्हणायची, "झाले सुरू! जेवून हात नाई वाळला तं लागली सुपारी!" ते ऐकून दादा घाबरला. आईचं डोकं फिरलं आणि आढ्याला वाळवी लागली, असे दोन्ही निकाल त्यानं एका दमात लावून टाकले. आढं उतरवून लोखंडी पाइप टाकायला माणसंही सांगितली. मग काय, आई दारातच बसली. "माह्या जीवात जीव हाये तवर कोनाले हात नाई लावू देत!"

दादानं मला घुग्घुसहून बोलावलं ते आईला समजवायला. आणि मी आले ती थेट शिडीवर चढले! काय करू? आमच्या घुग्घुसच्या फाटकाच्या खांबाला काळ्या भुंग्यानं बोट जाईल एवढं गोल भोक पाडलं, तेव्हापासून लाकडातला किडा म्हटलं की मला राहवतच नाही. तुम्ही असता तर खालून शिडी धरून ओरडला असता, "पडशीन वो बाई!"

बाबा, वाळवी नव्हतीच! वाळवी असती तर भिंतीवरून मातीच्या नळ्या वर चढलेल्या दिसल्या असत्या. मातीचा कण नव्हता. मग घुण? त्याची भोकं टाचणीच्या टोकाएवढी असतात आणि खाली पिठासारखी भुकटी पडते. इथं भोकं लांबट, तुरीच्या दाण्याहून मोठी! कौलाच्या फटीत बॅटरी मारली, तर आरोपी स्वतः हजर! तपकिरी भुंगेरा, आणि मिशा अंगाहून लांब! कुरकुरायच्या त्या याच्या अळ्या. लाकडात वर्षानुवर्षं राहून आतल्या आत खातात.

मग पेचकसानं आढं टोचून पाहिलं. बाहेरचं पांढरं लाकूड भुसभुशीत झालेलं, पण आतला लाल गाभा? टोक जाईना! सागाच्या गाभ्याला किड्यानं तोंडच लावलेलं नाही. म्हणजे आढं भक्कम आहे, आणि दादा चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला होता!

पण एक विचारू का? ते पांढरं तुम्ही तासलं का नाही? लाकूड आधी पावसाळाभर बोडीच्या तळ्यात बुडवायचं, मग पांढरं तासून काढायचं, ही तर आपल्याकडची रीत. पण नवी खोली बांधली त्या वर्षी तुम्ही बोडीत शिंगाडे लावलेले. तुमचं म्हणणं, लाकूड टाकलं तर वेली तुटतील! आणि तासलं तर आढं बारीक दिसेल, जावई काय म्हणतील! अहो, तुमचे जावई कधी आढ्याकडे बघतात का? त्यांचं सगळं लक्ष शिंगाड्यांवर!

असो. भुंगेरा थाळीत घेऊन मी नाचतच खाली उतरले. "पाह्य आई, पाह्य! बाबा नाई, हा हाये!"

आईनं चष्मा पुसला, किड्याकडे नीट पाहिलं. "मले मालूम नाई का किडा हाये म्हणून? मी का पागल आहो? दुपारी त्याच्यावर चिडली का दोन शब्द तोंडातून निघते. नाई तं या घरात कोनाशी बोलू?"

केवढी हुशारी मिरवली होती मी! दादानं आढ्याकडे पाहिलं, मी भोकांकडे पाहिलं, आणि आईकडे कोणीच पाहिलं नव्हतं. मला रडूच आलं, बाबा.

माणसं परत पाठवली. काल सकाळी आईनंच जुन्या लुगड्याचा तुकडा पुढे केला. "लाव औषध. त्यायचं घर किड्यानं काऊन खावं?" पांढरं जेवढं भुसभुशीत होतं तेवढं मी खरवडलं आणि भोकाभोकात औषध मुरवलं. आज दुपारी घर अगदी चूप होतं. आई जेवून उठली, वर पाहिलं, आणि काही न बोलता भांडी घासायला बसली.

उद्या मी घुग्घुसला परत जाते. रोज दुपारी आईला फोन करीन, हा माझा शब्द. ती तुमच्या नावानं जे काही बोलेल ते सगळं ऐकीन. आणि गप्प नाही ऐकायची, बरं का! तुमची बाजू घेऊन तिच्याशी कडकडून भांडेन.

तुमची,
सिंधू