सदाशिवचे दोन दात

नागपूर,
९ मार्च २०२५

प्रिय लहानूमामा,

नमस्कार. मामीलाही सांग. तुझं तोंड सोडून घरी बाकी सगळं बरं असेल, असं धरून चालते. तू फोन उचलत नाहीस म्हणून पेन हातात घेतलं आहे. तलावावर होतो, रेंज नव्हती, बॅटरी उतरली होती, ही सगळी कारणं मामीनं मला सांगून झाली. समोरचे दोन दात गेल्यापासून बोलताना शिट्टी वाजते आणि तुला लाज वाटते, हे अख्ख्या नागभीडला माहीत आहे. पत्रात शिट्टी ऐकू येत नाही. तेव्हा लिहून भांड.

आता बातमी. मामा, मी पुन्हा शाळेत जायला लागले! नागपूरला दातांच्या डॉक्टरांसाठी वर्षभराचा कोर्स आहे, महिन्यातून एक शनिवार-रविवार. शुक्रवारी संध्याकाळी सिंदेवाहीचा दवाखाना बंद करते आणि पळत बस धरते. किडका दात कसा वाचवायचा, तुटक्या दातावर कॅप कशी बसवायची, हे सगळं नव्यानं शिकवतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे इम्प्लांट! जबड्याच्या हाडात एक बारीक स्क्रू बसवायचा. हाड त्याला हळूहळू घट्ट धरतं. मग त्याच्यावर दात. पट्टी नाही, तार नाही, रात्री काढून पेल्यात ठेवायची भानगड नाही.

आमच्या देशकर मॅडमनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तुम्ही गावात काय काम करता?" मी म्हटलं, "दात काढते." "आणि?" "आणि दात काढते." सगळा वर्ग हसला. पण खोटं काय त्यात? आपल्याकडे माणूस खुर्चीत बसायच्या आधीच म्हणतो, "डाक्टरीनबाई, काढूनच टाका, झंझटच नको." इतकी वर्षं मी नुसती उपटत आले. आता रोवायला शिकते आहे!

काल बोकडाच्या जबड्यावर सराव होता. पुण्याचा एक डॉक्टर नाकाला रुमाल लावून बसला होता आणि माझ्या शेजारचा गडचिरोलीचा निकेश विचारत होता, "रस्सा कधी होणार?" माझा पहिला स्क्रू वाकडा गेला. दुसरा मात्र असा बसला की मॅडमनी बारीक पाना लावून फिरवून बघितला, खट् आवाज आला, आणि त्या म्हणाल्या, "हा आता हलत नाही." मामा, तो खट् आवाज! मला उडी मारावीशी वाटली. मारलीच.

तर मुद्दा असा. प्रत्येकानं आपला एक पेशंट आणायचा आणि मॅडमच्या देखरेखीत त्याला दात बसवायचे. मला तुझ्याशिवाय कोण सुचणार? तुझा एक दात मंडईच्या जत्रेत, नाटकाच्या स्टेजवर पडद्याच्या बांबूनं नेला, शेजारचा हलत होता तो मी काढला. मग मी पट्टीचे दात दिले. ती पट्टी भात खायला आहे, डायलॉग मारायला नाही, हे मी ओरडून ओरडून सांगितलं होतं. पण तू नाटकात सदाशिव झालास, "सरकार!" म्हणून गरजलास, आणि पट्टी उडाली ती थेट ऑर्गनवाल्याच्या मांडीवर. लोक हसले. तू रंग पुसलास, आणि तेव्हापासून एकाही नाटक मंडळाला हो म्हटलं नाहीस. झाडीपट्टीत सदाशिव करावा तो लहानूभाऊनंच, असं म्हणणारे लोक आता विचारायला येत नाहीत. मला हे सहन होत नाही. येत्या मंडईला तू स्टेजवर उभा राहिला पाहिजेस, बस्स!

पुढच्या वर्गाची वाट बघायची नाही. येत्या शनिवारीच ये, मी मॅडमच्या दवाखान्यात सांगून ठेवते. हाडाचा फोटो काढू. तोंड पण एकदा आतून नीट बघून घेऊ. मामीला आण, तुझा तो तंबाखू-सुपारीचा खर्रा आणू नको.

तुझी,
दिव्यानी

ता. क. खरंच ये रे. तोंड एकदा नीट बघून घेऊ.


नागभीड,
१४ मार्च २०२५

चि. दिव्यानीले आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. तुह्या मामीनं, रुखमानं मोठ्यानं वाचून दाखवलं, मंग मी बाहेर बसून पुन्हा एकटाच वाचलं. बोकडाच्या जबड्यात स्क्रू गाडले आन् रस्सा कोणीच नाई केला, हे काई बरोबर नाई झालं बापा.

मी येत नाई. सध्या तलावात मासोळी धरून राह्यलो. मासेमारांच्या सोसायटीत माणसं कमी हायेत. आन् दातावाचून माह्यं काई अडून नाई राह्यलं. मासोळी मले डायलॉग मागत नाई.

आता दुसरी गोष्ट. तू फ्रॉक घालत होती तवापासून विंगेत पुस्तक धरून बसे आन् मले वाक्य पुरवे. मी अडलो का तुहा बारीक आवाज येच. एखाद्या टायमाले आवाज नाई आला, त मले समजे का काईतरी गडबड हाये. प्रॉम्प्टर गप झाला का सगळ्यात आधी नटाले समजते. महाशिवरात्रीले तू घरी आली, माह्या तोंडात आरसा घातला. बडबड चालू होती तुही, दवाखान्याची, पेशंटची, कोनाकोनाची. डाव्या गालापाशी आली आन् एकदम गप. मंग म्हणते, "ठीक हाये मामा." पोरी, मी नट आहो. "ठीक हाये" कसं म्हणतेत, हे तू मले शिकवशील?

तवा खरं सांग. मले दातासाठी बोलावून राह्यली का गालासाठी? तोंड बघू, तोंड बघू, दोनदा लिहिलं तू. रुखमाच्या ध्यानात नाई आलं. माह्या आलं.

मी पण सांगून देतो. तिखट खाल्लं का तोंडात आग पडते. रुखमा माह्या वाटची मासोळी बिनतिखटाची अलग काढते आजकाल. मले वाटलं वयानं होत असंन. आन् खर्रा त मी चावतही नाई, नुसता गालात धरून ठेवतो. मंग त्यानं काऊन काई होईन?

खरं असंन थे लिही. नाई त पत्र नको पाठवू.

तुहा मामा,
लहानू


सिंदेवाही,
१७ मार्च २०२५

मामा,

हो. गालासाठी.

आतून पांढरा चट्टा आहे. गाल कडक झाला आहे. तुझं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही, हे तुझ्या लक्षातही आलेलं नाही. खर्रा चावला काय आणि धरून ठेवला काय, गालाला दोन्ही सारखंच. उलट धरलेला जास्त मुरतो. अरे, "चावत नाई" म्हणे! हे वाक्य रोज चार जण मला ऐकवतात आणि मी रोज त्यांच्यावर ओरडते. तुझ्यावर का नाही ओरडले, देव जाणे.

कदाचित काही नसेल. कदाचित कॅन्सर असेल. घे, लिहिला तो शब्द. रोज लोकांना मी तो तोंडावर सांगते, आणि तुझ्या समोर माझी वाचाच बसली. मी घाबरले, मामा. गालाचा छोटा तुकडा काढून तपासला की कळतं, त्याशिवाय कोणालाच कळत नाही, मलाही नाही.

पण दातांचं मी तुला भुलवायला लिहिलं, असं समजू नकोस हं! ते तितकंच खरं आहे. मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी गाल, मग दात. गाल चांगला निघाला तर दात तुझ्या हातानं. आणि खर्रा बंद, नाहीतर मी स्क्रूला हात लावू देणार नाही."

शनिवारी सकाळच्या गाडीनं नागपूरला ये. नाही आलास तर मी तलावावर येईन आणि सगळ्या सोसायटीसमोर तुझं तोंड उघडून बघेन. मी कशी आहे ते तुला ठाऊक आहे.

विंगेतून,
दिव्यानी


नागपूर,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,

काल तुला आणि मामीला बसमध्ये बसवलं, तेव्हा तू खिडकीतून कंडक्टरपासून शेंगदाणेवाल्यापर्यंत सगळ्यांना दात दाखवत होतास. मामी पदर तोंडाला लावून हसत होती. मला आत्ताही हसू येतं आहे. वर्गात बसले आहे, मॅडम फळ्यावर काहीतरी काढतायत आणि मी वहीखाली हे लिहिते आहे. काही गोष्टी तुझ्या पाठीमागे झाल्या, त्या तुला कळायलाच पाहिजेत.

एप्रिलमध्ये गालाच्या तुकड्याचा रिपोर्ट आला, तेव्हा मी मामीच्या फोनवर "कॅन्सर नाही" एवढंच बोलून फोन ठेवला होता. तू मामीला म्हणालास म्हणे, की पोरीला फार घाई. घाई कसली! दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून मी ढसाढसा रडत होते आणि आत एक पेशंट अर्धवट भरलेला दात घेऊन माझी वाट बघत होता. चट्टा अजून आहे, गाल अजून कडक आहे, दर तीन महिन्यांनी दाखवायचंच आहे, तोंड उघडायचा व्यायाम रोजचा रोज. हे मी सतरांदा सांगितलं आहे, अठराव्यांदा ऐक.

मग धानाच्या रोवणीच्या दिवसांत स्क्रू बसवले, तेव्हा तुझ्या डोळ्यांवर हिरवं कापड होतं. तुला वाटलं असेल, भाची किती शांत! मी स्क्रूचा नंबर चारदा तपासला होता. तोंड जेमतेम उघडत होतं, नशीब की दात समोरचे. पहिला नीट बसला. दुसऱ्याला हाड पातळ लागलं आणि माझा हात थांबला. मॅडमनी हात लावला नाही. फक्त म्हणाल्या, "श्वास घे. दिशा बरोबर आहे." मी श्वास घेतला, पुढे गेले, आणि खट्! तू कापडाखालून "काय झालं, काय झालं" करत होतास आणि निकेश मागे माझ्या पाठीवर धपाटे घालत होता. त्यानंतर तू दर आठ दिवसांनी मामीकडून विचारायचास, "हलवून पाहू का?" अरे, शेतकऱ्यांच्या गावातला माणूस तू. रोवलेलं धान कोणी उपटून बघतं का?

खर्ऱ्याचंही मला कळलं आहे. पारावर सगळे खर्ऱ्याची पन्नी पुढे करतात, नाही म्हटलं की फुगतात, म्हणून तू खिशात बडीशेपची पन्नी ठेवतोस आणि ती खर्ऱ्यासारखी तासन् तास घोटत बसतोस. मामी सांगताना रडत होती आणि हसतही होती. मामा, तुझ्या सगळ्या भूमिकांत मला ही सगळ्यात जास्त आवडली.

आणि आता कालचं.

दात बसवले. मॅडमनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "काका, फ म्हणा, व म्हणा, स म्हणा." दातांची लांबी बरोबर आहे की नाही ते त्यावरून कळतं. तू फ म्हणालास. व म्हणालास. मग हळूच स म्हणालास, आणि लगेच पुन्हा एकदा स म्हणालास. शिट्टी नव्हती! तू माझ्याकडे बघितलंस. मामा, मला तेव्हाच कळलं की आता हा काही खुर्चीत बसत नाही.

तू उठलास. गळ्यात तो कागदी रुमाल तसाच. खिडकीकडे तोंड केलंस आणि, "सरकार! सात समुद्रांचं पाणी ओतलंत, तरी तुमच्या हातावरचं सदाशिवच्या भावाचं रक्त धुतलं जाणार नाही!"

तुझी आमच्याकडे पाठ होती, म्हणून तुला दिसलं नाही. पुण्याच्या डॉक्टरच्या हातातला ट्रे पडला. खालून वॉचमन धावत आला, त्याला वाटलं पेशंटनं भांडण काढलं. पंधराच्या पंधरा डॉक्टर उभे राहिले, कोणी सांगितलं नव्हतं. मामी दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आणि पुढच्या ओळीला तू अडलास. कितीतरी दिवसांनी बोलत होतास, अडणारच. माझ्या तोंडावर मास्क होता. तोंडातून आपोआप निघालं, "सिंहासन सोडा सरकार..." आणि तू लगेच ते उचललंस आणि शेवटपर्यंत नेलंस. हे कोण बोललं ते वर्गात कोणाला कळलं नाही. तुला कळलं. तू न वळता फक्त हात वर केलास.

मॅडमनी चष्मा पुसला आणि माझ्या कागदावर लिहिलं, "उच्चार स्पष्ट." एवढंच. मला तो कागद फ्रेम करून दवाखान्यात लावायचा आहे. सोमवारी पहिला जो कोणी येऊन "काढूनच टाका" म्हणेल, त्याला मी आधी तो कागद दाखवणार आहे!

मंडळाच्या मॅनेजरला मीच निरोप दिला आहे. रागावू नकोस, रागावलास तरी उपयोग नाही. आपल्या मंडईला सदाशिव लहानूभाऊच करणार, असा त्यांचा उलट निरोप सकाळीच आला. मी दवाखाना बंद ठेवून येते. विंगेतली माझी जागा कोणाला देऊ नको.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण पहिला फोन मी करायचा नाही असं ठरवलं आहे, तो मान तुझा. मामा, आता मी तुला पत्र लिहिणार नाही. हे शेवटचं. हे वाचून झालं की मामीकडून तुझा फोन मागून घे. रेंज असते, बॅटरी असते, मला सगळं माहीत आहे. नंबर लाव. आणि हॅलो म्हणू नकोस.

"सरकार" म्हण.

फोन हातात घेऊन बसलेली,
तुझी प्रॉम्प्टर,
दिव्यानी