दाताखाली न धरलेली डाळ

बाबा,

शेगावात आता दोन स्वस्त मार्ट झाली आहेत, एक स्टेशनकडं आणि एक खामगावच्या रस्त्याला, आणि गेले पंधरा दिवस मी एकातून निघते ती दुसऱ्यात शिरते. खानावळ दुपारी तीनला रिकामी होते. तेव्हा माणसानं जरा आडवं व्हावं, तर मी पिशवी उचलून बाहेर. तुम्हाला ही दुकानं माहीत नाहीत, तुम्ही गेल्यानंतर आली. माल मांडलेला असतो, भाव कागदावर छापलेला असतो आणि समोर दुकानदारच नसतो, म्हणजे घासाघीस करायची सोय नाही. स्टेशनकडच्या मार्टात शेंगदाणे जुने निघाले, मूठभर खाल्ले तर दोन-चार कडू, पण साखर स्वच्छ आणि दाणा एकसारखा. दुसरीकडं तांदळात तुकडा कमी, मात्र तेलाची पिशवी स्वस्त म्हणून उचलावी तर मागच्या बाजूला बारीक अक्षरात वजन कमी लिहिलेलं. असं सगळं मी उलटून पालटून पाहिलं. जावई तुमचे हसतात. म्हणतात, "एवढा अभ्यास शायेत केला असता तं तहसीलदार झाली असती तू." मला एका जागी बसवत नाही हे खरं.

खरं तर शेंगदाणे, साखर हे सगळं निमित्त होतं. मला पाहायची होती डाळ, आणि डाळीपाशी जायचं धाडस होत नव्हतं. आपल्या खानावळीच्या दारावर बोर्ड आहे, "घरच्या जात्यावरच्या तूरडाळीचं वरण". दर्शन करून आलेली माणसं तो वाचून आत येतात, आणि पुढच्या वर्षी आली की लॉजवाल्याला आमचाच पत्ता विचारतात. ती डाळ काकूकडून येते. वसतिगृहात तुम्ही स्वयंपाक करायचात तेव्हा सोबत पोळ्या लाटायला होती ती काकू. आता ती संग्रामपूरकडं लेकाजवळ राहते, घरची तूर तेलपाणी लावून गच्चीवर वाळवते आणि जात्यावर भरडून मला देते. पण तिची डाळ मार्टातल्या डाळीपेक्षा बरीच महाग पडते, आणि ताटाचा भाव वाढवला की लोक शेजारच्या दारात शिरतात. हे म्हणाले, "डाळ मार्टातली घे, पटकन शिजते, कोणाले काय समजते?" मी अशी भडकले की हातातला झारा आपटला. म्हटलं, माझ्या बापानं जन्मभर डाळ दातानं घेतली, ह्या घरात पाकीट येणार नाही.

तुमचं नाव असं मधे घालायची मला सवयच आहे. जानेफळच्या वसतिगृहाचं ते स्वयंपाकघर आठवतं, धुरानं काळी झालेली भिंत, आणि भिंतीला टेकवलेली माझी दगडी पाटी. पहिलीतली पाटी तुम्ही डाळीसाठी काढून घेतली होती. काळ्या पाटीवर डाळ पसरली की तुरीत मिसळलेली लाखोळीची हलकी डाळ लगेच उठून दिसते, ही तुमची युक्ती. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. तुम्हाला ताप आहे म्हणून वाण्याकडं मला पाठवलंय, आणि मी सगळ्यात पिवळीजर्द, चकचकीत डाळ निवडून मोठ्या ऐटीत घेऊन येते. तुम्ही घोंगडीतून हात काढता, चिमूटभर डाळ तळहातावर चोळता आणि हात माझ्यासमोर धरता. हाताला तेल लागलेलं असतं.

"चमकून राह्यली म्हून घेतली काय वं? तोंड पाहाले पाह्यजे होती का खाले?"

मग चार दाणे माझ्या हातावर ठेवता. "दाताखाली धर. कडकन तुटली पाह्यजे. अन् मंग वास घे. डोये फसतात, दात नाई फसत." मी रडत रडत डाळ चावतेय आणि काकू पदर तोंडाला लावून हसतेय. त्यानंतर कधीतरी वाण्याचं अख्खं पोतं तुम्ही सगळ्या पोरांसमोर परत पाठवलंत, लाखोळी निघाली म्हणून. त्या दिवशी सगळ्यांना पिठलं-भाकर. पोरं कुरकुरली, तुम्ही ढिम्म. माझ्या लग्नात तुम्ही मला भांडी दिली आणि त्या भांड्यांच्या तळाशी ती पाटी ठेवली. सासरी सगळे हसले होते. ती अजून माझ्या ओट्याच्या खाली आहे.

तर मार्टात शेवटी मी डाळीपाशी गेलेच. सुट्या डाळीची एक पेटी असते, तिथं झाकण उघडलं, चार दाणे तोंडात टाकले आणि कडकन चावले. शेजारची बाई दचकली. निळ्या शर्टातली एक पोरगी धावत आली, "काकू, इथं खाता येत नाही." मी म्हटलं, "खाऊन नाही राह्यली बाई, पाहून राह्यली." तिला काही समजलं नाही आणि मला फार लाज वाटली. पण बाबा, डाळ कडकन तुटली होती. हाताला तेल नव्हतं, वासही कोंदट नव्हता. मी दोन्ही मार्टांतली एकेक किलो घेतली आणि चोरासारखी घरी आले.

ह्यांनी पाकिटं पाहिली आणि पैज लावली. "तीन कुकर लावू. मी वाढतो, तू डोये मिटून चाख. काकूची डाळ ओळखली तं पुन्हा मार्टाचं नाव नाई काढणार." मला हसूच आलं. तीस वर्षं तीच डाळ खातेय मी. काकूची गेल्या सालची शेवटची डाळ त्यात लागली. फोडणी नाही, नुसती हळद, मीठ आणि हिंग, म्हणजे लपायला जागा नको. पहिल्या वाटीला मी नाक मुरडलं, म्हटलं हे गिळगिळीत आहे, वास नाही. तिसरी बरी होती. दुसऱ्या वाटीचा एक घास घेतला आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं, तुमचा खोकला आठवला, डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, ही आपली.

ती खामगाव रस्त्याच्या मार्टातली होती. तिन्हींत सगळ्यात स्वस्त. गिळगिळीत म्हटलेली पहिली काकूची होती. ह्यांनी वाट्या उचलून मोरीत ठेवल्या. ते हसले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, की आता तुमची डाळ नको, हे काकूला तूच सांग. मी हो म्हटलं.

दोन दिवसांनी काकू आली. दर साली येते तशी, नव्या डाळीची वानगी घेऊन, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी. गुडघे फार दुखतात तिचे, बसताना भिंत धरते. पण गच्चीवर तूर अजून तीच नेते. "सुनेले म्हणतो मी, शेगावची लोकं माह्या डाळीची वाट पाह्यतात. थे म्हणते आता सोडा. काऊन सोडू?" मी मनात वाक्य जुळवत होते. जेवण झालं की सांगायचं ठरवलं. ताट वाढलं. घरात काकूची डाळ उरलीच नव्हती. पातेल्यात होतं ते मार्टातून आणखी आणलेल्या डाळीचं वरण, दोन दिवस सगळ्यांच्या ताटात तेच जात होतं, आणि बोर्ड दारावर तसाच होता.

काकूनं भात कालवला, घास घेतला, डोळे मिटले. तिला तर कळणारच. ती थांबली, मग हसली, आणि ह्यांना म्हणाली, "पाहा जावईबापू, माह्या हातची डाळ लपत नाई. वासावरून सांगतो मी." हे ताटाकडं पाहत राहिले. मग तिनं मला विचारलं, "गेल्या सालची हाय ना वं पोरी?"

मी म्हटलं, "हो काकू, तुमचीच आहे."

त्यानंतर नाही कसं म्हणू? नेहमीइतकीच डाळ पाठवा म्हणून सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बसस्टँडवर सोडून परत येताना ह्यांनी विचारलं, आता काय करायचं, आणि मी त्यांच्यावरच खेकसले.

तेव्हापासून डोक्याला नुसता भुंगा लागलाय. मी तिच्यावर दया केली की भिऊन खोटं बोलले? काकूची डाळ उतरली आहे, की मार्टातली सुधारली आहे, की आम्हा दोघींच्या जिभेनं राम म्हटलाय? आणि बाबा, तुम्हाला एक विचारायचं होतं. तुमचा दात कधी फसला होता का? फसला असता तर तुम्ही आम्हाला सांगितलं असतंत का? पोतं परत पाठवणं तुम्हाला जमायचं, पण त्या पोत्यामागं काकू उभी असती, गुडघ्यावर हात ठेवून, तर तुम्ही काय केलं असतंत? मला तुमचं उत्तर माहीत आहे असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. मला ते माहीत नाही.

आत्ता दुपारचे चार वाजलेत. आज मार्टात गेले नाही. पाटी पुसून ओट्यावर ठेवली आहे, शेजारी काकूची पुरचुंडी. सकाळी तिच्या लेकाचा फोन आला होता, पोती उद्या निघतील म्हणाला, मी पाठवा म्हटलं. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते. पुरचुंडीची गाठ मी अजून सोडलेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी डाळ दाताखाली न धरता घेतली, बाबा. मला भीती वाटली.