बासचा गळ, मस्कीचा गळ

१४ सप्टेंबर १९९६

उशीर झाला, माफी असावी. आठवडाभर इथे अक्षर लिहिलं नाही, मन थाऱ्यावर नव्हतं. मॅडिसनहून मुलगा रवी फोनच करत नाही. पीएच.डी.चं पाचवं वर्ष, गाइडशी पटत नाही. बहिणीला, अपर्णाला, म्हणाला म्हणे, "ताई, सोडून देतो सगळं." मला कुणी सांगितलं नाही. पोळी वाढताना बायकोच्या, सुलभाच्या तोंडून निसटलं.

सोडायचं नाही. मी सातवीत शाळा सोडली, ते जन्मभर पुरलं.

मी विचारलं की "ठीक आहे बाबा" म्हणून फोन ठेवतो. बोलतो फक्त माशांवर. सुट्टीला तिथल्या तळ्यात मस्की धरायला जातो, हातभर लांब, दाताळ मासा. ठरवलं — जायचं आणि नावेत त्याच्यासमोर बसायचं. नावेतून उठून कुठे जाईल?

१७ सप्टेंबर

इथे आमच्या प्लेनो गावात शेजारच्या अर्लबरोबर तळ्यावर बसतो, म्हणून वाटलं मला गळ कळतात. चांगले निवडून रवीला पाठवले होते. आज त्याचाच फोन.

"बाबा, बास."

"बास काय? बोल की थोडं."

"अहो, बास मासा. हे बासचे गळ आहेत. मस्की चुरमुऱ्यासारखे खाईल."

हसला. किती महिन्यांनी!

२१ सप्टेंबर

अर्लकडून समजून घेतलं. बासचा गळ बोटाएवढा — रबरी गांडूळ, एकच आकडा, बारीक दोरा. गवताच्या कडेला हळूच सोडायचा. मस्कीचा म्हणजे वीतभर लाकडी मासा, तीन-तीन टोकांचे आकडे, हातात वरवंट्यासारखा जड. पुढे पोलादी तार, नाहीतर दातांनी दोरा कापतो. आणि मस्की गळामागे नावेपर्यंत येतो, पण तोंड लावत नाही. तेव्हा गळ वर उचलायचा नाही. काठीचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठ काढत राहायचं.

"दिवस दिवस फेकायचं आणि मासा नाही. तुझा पोरगा वेडा आहे," अर्ल म्हणाला.

वेडा नाही. चिवट आहे — होता तरी.

२४ सप्टेंबर

माझ्या बासच्या काठीला मस्कीचा गळ लावून अंगणात फेकला. काठी मोडली. गळ अपर्णाच्या गाडीच्या टपावर.

"बाबा, प्लीज, आता बास करा."

"बास नाही, मस्की."

लेक हसली नाही.

२८ सप्टेंबर

जाड काठी आणली. खांदा ठणकतो. बादलीत आठ काढतो. सुलभा म्हणते, "अहो, विमानात काठी घेऊ देतील का?" तेच मला छळतंय. पाच तारखेचं विमान.

रवीला लगेच विचारायचं नाही. मागेमागे येऊ द्यायचं.

२ ऑक्टोबर

दुकानातून आलो तर फोनच्या मशीनवर रवीचा निरोप. "बाबा, बास." पुढे नुसती खरखर. उलट फोन केला, उचलत नाही. अपर्णा म्हणते मासा लागला असेल. सुलभा म्हणते शिकणं सोडलं.

दोन्ही गळ बॅगेत भरलेत. मासा असला तरी येतो. पुरे झालं असलं तरी येतो. सोड, नाहीतर नको सोडू, तुझं तू बघ. पण रवी, बाळा, काहीतरी लवकर कळव.