बुध्याचं तोंड कोणी धुवायचं नाही

होणाऱ्या विहीणबाई फुलीबाईंना (अजून झालेल्या नाहीत, ठाऊक आहे मला, पण मी एकदा धरलेलं माणूस सोडत नाही) अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यावरून जातरीबाईचा जोहार.

देवमोगरा मातेच्या कृपेने इकडे माणसं, बकऱ्या आणि मी, सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? मागे पाठवलेलं मोहाच्या बियांचं तेल गुडघ्यालाच लावता ना, की त्यात भजी तळून खाल्लीत? तुम्ही जन्माने आमच्या डोंगरातल्या, पण ब्राह्मणपुरी गावात नांदून पार सपाटीच्या झालात, म्हणून विचारलं. हे पत्र मी बोलते आहे आणि आमची आशा लिहिते आहे, कारण कागदाशी माझं कधी जमलं नाही. तोंडाशी मात्र उत्तम जमतं. आशा पोलीस भरतीची तयारी करते, त्यामुळे पोलिसांचं काही आलं की तिचा हात जड होतो. (आताच म्हणाली, आजी, हे नको. मी म्हटलं, लिही.) तुम्हालाही अक्षर येत नाही, तेव्हा तुमची नात रविताच हे वाचून दाखवणार. रविताबाई, स्वच्छ आवाजात वाच, आणि मधलं काही गाळू नको. गाळलंस तर मला कळतं.

तर मध्यस्थ गिरधरच्या हाती तुमचा निरोप पोचला. आमचा नातू अजित हायवेवर लूटमार करताना पकडला गेला, ठाण्यात पोलिसांच्या अंगावर धावून गेला, तुम्ही ते मोबाईलमध्ये डोळ्यांनी पाहिलं, आणि असल्या घरात नात द्यायची कशी, तेव्हा गूळ खाऊन लग्न ठरवायचा बेत तूर्त राहू द्या. वर हेही म्हणालात म्हणे, की एवढा पोलिसांना मारतोय आणि मागे कोणाची तरी निर्लज्ज पोर खुदुखुदु हसते आहे, आईबापांनी वळण लावलं नाही वाटतं. विहीणबाई, तुम्ही पाहिलं ते सगळं खरं आहे, आणि त्यातलं काहीच तसं नाही. पोराच्या नावाला काळं लागलं तर गूळ मला एकटीने खावा लागेल, आणि माझे दात तुम्हाला माहीत आहेत. म्हणून पहिल्यापासून सांगते.

अजित टीव्हीवर पैसे घेऊन कबड्डी खेळतो हे तुम्हाला सांगायला नको. स्थळ बघताना तेवढंच तर सांगितलं होतं आम्ही. यंदा खेळ संपवून घरी आला तो म्हणाला, आजी, मी नवस बोललोय, होळीला बुध्या होणार. मी विचारलं, कशाचा नवस? म्हणाला, गुडघ्याचा. (हा गुडघा लक्षात ठेवा.) आता तुमच्या घरातली पोरं सपाटीवर वाढलेली, त्यांच्यासाठी सांगते. बुध्या म्हणजे नवस बोलून होळीत नाचणारा; बुध्या झालं की अंगभर राख, वर तांदळाच्या पिठाचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप. आणि पालनी पाळायची: खाटेवर बसायचं नाही, आपलं अन्न आपण रांधायचं, बाईमाणसाला शिवायचं नाही, कोणावर रागवायचं नाही, आणि पालनी सुटेपर्यंत अंगाला पाणी लावायचं नाही. राख गेली की नवस गेला. अजितला हॉटेलातल्या गाद्यांची सवय; पहिल्याच दुपारी खाटेला पाठ टेकवताना मी त्याला धरला. म्हणाला, टेकवली नाही, अंतर बघत होतो.

होळी पेटली, नाचून झालं, आणि रीतीप्रमाणे पोरं फाग, म्हणजे होळीचे पैसे, मागायला रस्त्यावर उभी राहिली. ट्रकवाले हसत देतात, गुजरातेतले गाडीवाले फोटो काढून देतात, एसटीचा कंडक्टर तेवढा झोपेचं सोंग घेतो. त्यात आली पोलिसांची गाडी. आत नवे साहेब. सांगलीकडचे, कोवळे, मिशी नुकतीच रुजू झालेली. त्यांच्याकडे होळी म्हणजे बोंब मारायची आणि पुरणपोळी खायची. इथे बघतात तर राख फासलेले, पिसं लावलेले दांडगे पुरुष दोर आडवा धरून पैसे मागताहेत! साहेब पिस्तुलाला हात लावून उतरले. बाकीची पोरं शेतात पसार झाली. अजित तिथेच, कारण बुध्याने फाग न घेता पाठ फिरवायची नसते. बघा, ज्याला सात सात गडी धरू शकत नाहीत, तो एका सांगलीकराच्या हाताला लागला.

तुम्ही विचाराल, गाडी चालवणारा हवालदार दिलवरसिंग तर शहाद्याकडचा, त्याचा जन्म फाग देण्यात गेला, तो का गप्प? तर साहेबांनी रुजू होताच त्याला सुनावलं होतं की विचारल्याशिवाय बोलायचं नाही. साहेबांनी विचारलं नाही, तो बोलला नाही. याला शिस्त म्हणतात. (हे आशाने फार आनंदाने लिहिलं.)

खरी गंमत पुढेच. साहेबांनी नाव विचारलं, पोराने खरं सांगितलं. साहेब जास्तच भडकले. का, तर ते स्वतः अजितचे भक्त! त्याचा फोटो त्यांच्या मोबाईलवर पहिल्या पानावर. म्हणाले, लाज नाही वाटत, एवढ्या मोठ्या खेळाडूचं नाव लावून लुटतोस? म्हणजे लूट राहिली बाजूला, आमच्या अजितला अजित असल्याचं खोटं सांगतो म्हणून गाडीत कोंबला. त्या कोंबाकोंबीत कमरेचा एक भोपळा फुटला. मात्र खरं ते बोलते: हात कोणी उगारला नाही, शिवी कोणी दिली नाही. साहेबांनी एवढंच फर्मावलं, की ठाण्यात नेऊन याचं तोंड धुवा, म्हणजे खरं-खोटं कळेल.

ही बातमी घेऊन पोरं पाड्यावर पळत आली आणि मी चप्पल न घालता जीपमध्ये बसले. ठाण्यात पोचले तेव्हा एक शिपाई बादली घेऊन नळाकडे निघाला होता. मी त्याच्या आधी पोचले आणि नळासमोर फतकल मारली. तो म्हणाला, आजी, सरका. मी म्हटलं, बाळा, मला सरकवायला दोन माणसं लागतात आणि त्यातलं एक मेलंय. महिला पोलीस बोलवायची तर ती जत्रेच्या बंदोबस्ताला. मग काय, नळ माझा झाला. सगळं ठाणं तहानलेलं, आणि पाणी प्यायचं तर माझ्या परवानगीने. साहेबांनाही एक तांब्या दिला मी. माणूस घामाघूम झाला होता.

तोवर अजितला गाडीत कोंबतानाचा, कोणा गाडीवाल्याने काढलेला व्हिडिओ देशभर फिरला. कबड्डीपटूची लूटमार, असं मोठ्या अक्षरांत, आणि मागे भुताच्या नाटकातलं असतं तसलं संगीत. ज्यांनी अजितला कधी पाहिलं नाही ते म्हणाले, आम्हाला आधीच संशय होता. ज्यांनी पाहिलं होतं ते म्हणाले, पैसा आला की असंच होतं. काही म्हणाले, पोलिसांना निलंबित करा. काही म्हणाले, पोलिसांना बक्षीस द्या. आणि पुण्याचा कोणी एक विचारत होता की टोपावरची पिसं खऱ्या मोराची आहेत का. आमच्या दोधू सरपंचांनी मोर्चा काढला. घोषणा तयार नव्हत्या, म्हणून मागच्या वेळच्या विजेच्या मोर्चाच्याच दिल्या. 'अजितला सोडा' म्हणायच्या जागी निम्मे लोक 'डीपी बसवा' ओरडत होते. बाजारातल्या नासिरने निषेध म्हणून दुकान बंद केलं आणि त्याच निषेधात ठाण्याच्या फाटकासमोर भज्यांची गाडी लावली. मला मात्र फुकट दिली, म्हणाला, "दादी, आप नल मत छोडना." एका चॅनलवाल्या पोरीने दांडकं पुढे करून विचारलं, या क्षणी तुमच्या भावना काय आहेत? मी म्हटलं, फरशी गार आहे, काहीतरी अंथरायला आण. तिने ते 'आजीचा आक्रोश' म्हणून दाखवलं.

शेवटी वरून साहेबांना फोनावर फोन. बिचारे आतबाहेर करून थकले आणि एकदाचे दिलवरसिंगकडे वळून म्हणाले, हवालदार, हा प्रकार तरी काय आहे? तर तो शांतपणे, "तुम्हीन इचारंच नही साहेब!" आणि मग त्याने होळी, पालनी, फाग, सगळं असं सांगितलं की साहेब खुर्चीत बसले ते खुर्चीच्या कडेला. म्हणाले, फागाचं कळलं. पण हा अजितच कशावरून? तोंड तर धुता येत नाही. तेव्हा आतून आमचा पोरगा म्हणाला, साहेब, अंगणात रेघ मारा.

विहीणबाई, तुम्ही पोलिसांवर हल्ला म्हणून पाहिलात, तो हा. ठाण्याच्या अंगणात काठीने रेघ ओढली. पलीकडे सहा पोलीस आणि सातवे स्वतः साहेब, पट्टा आवळून. अलीकडे अजित, भोपळ्या-घुंगरांसकट. कबड्डी-कबड्डी म्हणत शिरला तो खुळखुळत, वाकत, वळत, आणि एका दमात परत रेघेवर! दिलवरसिंगने कमरेला मिठी मारली होती, त्याच्या हातात एक भोपळा तेवढा राहिला. पोलीस म्हणाले, आम्हाला लागलाच नाही. मग एकमेकांकडे बघतात तर प्रत्येकाच्या खाकीवर राखेचा पंजा! कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या पाठीवर, आणि साहेबांच्या बरोब्बर छातीवर, बिल्ल्याशेजारी. पंच लागलाच नाही. साहेबांनी तो पंजा पाहिला, आणि एवढा अधिकारी माणूस फटाके फुटावेत तसा हसला. म्हणाला, हाच! हाच तो! बाहेर ढोल सुरू झाला, दोधू सरपंच घोषणा विसरून नाचायला लागले. (आशा म्हणते, यात नियमभंग झाला का ते तिला पुस्तकात बघावं लागेल. बघ, बाई.)

साहेबांनी हात जोडून माफी मागितली आणि म्हणाले, आजी, न्या आता तुमचा नातू. मी उठून कोठडी नीट पाहून घेतली. खाट नाही. गादी नाही. बाईमाणूस नाही. पाणी लावायला कोणी नाही. स्वतः रांधायला मागे अंगण. आमच्या घरी तर चार खाटा, आणि मी एकटी किती पहारा देणार? मी म्हटलं, साहेब, पालनी सुटेपर्यंत राहू द्या इथेच. साहेब म्हणाले, कायद्यात बसत नाही. मी म्हटलं, आणताना कायद्यात बसत होतं का? बाहेर लोक 'सोडा, सोडा' म्हणून ओरडताहेत, आत साहेब कळवळून सांगताहेत, अहो सोडलंय, याच नेत नाहीत! असं ठाणं तुम्ही कुठे पाहिलंय? अखेर तडजोड झाली. कोठडीचं दार सताड उघडं, आणि अजित व्हरांड्यात जमिनीवर, पाहुणा म्हणून. चुलीला काटक्या दिलवरसिंगने पुरवल्या. साहेब रोज ड्यूटी संपली की त्याच्यासमोर मांडी घालून चढाईचे डावपेच विचारायचे. फुटलेल्या भोपळ्याची भरपाई म्हणून स्वतः बाजारातून भोपळा आणला: हिरवागार, कोवळा, भाजीचा! त्यांचं मन मोडू नये म्हणून आम्ही घेतला, आणि त्याची भाजी मी साहेबांनाच खाऊ घातली.

पालनी सुटली त्या दिवशी नदीवर अजितने अंघोळ केली. साहेब सुट्टी टाकून आले होते. राख उतरली, तोंड दिसलं, आणि साहेब मोबाईलवरचा फोटो त्याच्या गालाशी धरून म्हणाले, हो, तोच आहे. मी म्हटलं, सापडला एकदाचा चोर. मग त्यांनी खिशातून फाग काढून दिला, उशिरा का होईना. पुढच्या वर्षी ते स्वतः बुध्या होऊ म्हणतात. कसला नवस, ते सांगत नाहीत, पण मिशीचा असावा.

असं सगळं आहे. आता तुम्ही शहाण्या आहात, योग्य ते ठरवा. मी आग्रह करणार नाही. घरातल्या थोरामोठ्यांना जोहार, म्हशीला वैरण, आणि तुमच्या गुडघ्याला माझी आठवण.

तुमची (तुम्ही नाही म्हणालात तरी) विहीण,
जातरीबाई

ता. क. तो गुडघा लक्षात ठेवा म्हटलं होतं. अजितच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. नदीवर मी खोदून विचारलं तेव्हा कबूल झाला: नवस होता तो ब्राह्मणपुरीच्या घरून होकार यावा म्हणून. एवढी राख पोराने फासली, एवढा जमिनीवर लोळला, तुरुंग पाहिला, आणि तुम्ही म्हणता गूळ राहू द्या. नवस फळला नाही तर मी माताजीला काय सांगू, फुलीबाईंनी अडवला?

दुसरी ता. क. ठाण्यातल्या कबड्डीच्या त्या व्हिडिओत हसणारी निर्लज्ज पोर, जिला आईबापांनी वळण लावलं नाही. तो व्हिडिओ तिनेच काढला आणि एकाच मैत्रिणीला पाठवला. 'हल्ला' हा शब्द पुढे पाठवणाऱ्यांनी जोडला, पोरीचा दोष नाही. मी नळावर होते, ती माझ्या मागेच उभी होती. तुमची रविता होळीला कोरीटला मावशीकडे गेली होती ना? मावशीला एकदा विचारून बघा. गूळ आम्ही घेऊन येतो, तुम्ही दिवस तेवढा कळवा. आणि विहीणबाई, पत्र वाचणारी आत्ता इथे अडखळली असेल. तिला काही बोलू नका. नुसतं तिच्या तोंडाकडे बघा, आणि ती हसायला लागली की आवाज ऐका.